दोन रिंगांचा होकार

जवळा बाजार,
२३ नोव्हेंबर २००३

तीर्थस्वरूप दाजी नरसिंगराव आणि सौ. पद्माअक्का यांना धाकट्या रत्नपालचा सप्रेम जय भीम.

आम्ही इकडे बरे आहोत, म्हणजे चालते-फिरते आहोत. अक्काच्या गुडघ्याचं कळलं. निरगुडीचा पाला गरम करून बांधायला सांगा, आणि तिला सांगा की नांदेडात निरगुडी मिळत नसेल तर इकडे बांधाबांधाला आहे, पिशवी भरून पाठवतो. तुमच्या आयटीआयमधल्या पोरांनी या वर्षी तरी सोल्डरिंगची तार विकून भजी खाल्ली नसतील अशी आशा करतो. तुमचं पोस्टकार्ड पोचलं. त्यावर एकच ओळ होती, "संतरामकडून काय कळले ते उलटटपाली लिहावे." दाजी, उलटटपाली लिहायला बसलो होतोच, पण लिहायचं काय? आमच्या राणीसाठी तुम्ही आणलेल्या स्थळाचं उत्तर आलं आहे. ते होकार आहे की नकार, तेवढं फक्त माहीत नाही. हे वाचून तुम्ही कपाळाला हात लावाल, पण सगळं वाचेपर्यंत तो हात तिथेच असू द्या, कारण पुढेही लागेल.

मुलगी बघायच्या दिवशी तुम्ही लवकर गाडीला गेलात, त्यामुळे शेवटची बोलणी तुम्हाला ठाऊक नाहीत. मुलगा सुगत तुमच्याच हाताखाली शिकलेला, वारंगा फाट्यावर बापाबरोबर पाण्याच्या मोटरी भरायच्या, म्हणजे वायंडिंगच्या दुकानात बसतो, मान खाली घालून बोलतो, हे सगळं आम्हाला पसंत होतं. जाताना त्याचे वडील संतरामभाऊ चप्पल घालता घालता म्हणाले, "सोमवारी सकाळी बँकेत फोन करतो. होकार असंल तर दोन रिंगा देतो अन् ठेवून देतो. तुमी उचलू नका, फुकट रुपाया जातो. नकार असंल तर उचलेपर्यंत वाजू देतो. नकाराला कारन सांगावं लागतं, होकाराला काय लागतं?" मला हे फार शहाणपणाचं वाटलं. घरात काटकसर आहे, राणी सुखात राहील, असं मी राणीच्या आईला म्हणालोसुद्धा. (ती म्हणाली, काटकसर आहे म्हणून सुखात राहील का काटकसर असूनही? मला त्याचा अर्थ लागला नाही आणि तिने लावून दिला नाही.)

आता दोन रिंगांची ही पद्धत काही संतरामभाऊंनी शोधलेली नाही. आमच्या बँकेचा फोन म्हणजे अर्ध्या गावाचा फोन. घरी फोन नसलेला प्रत्येक माणूस पाहुण्यांना बँकेचाच नंबर देतो (मीही त्यातलाच, शाखाधिकारी असलो म्हणून काय झालं). हिंगोलीच्या स्टँडवर लाल डब्यात रुपया टाकायचा, इकडे एक रिंग वाजली की समजायचं माणूस गाडीत बसला, दोन वाजल्या की समजायचं सामान जड आहे, सायकल घेऊन या. इकडून कोणी उचलत नाही, तिकडे रुपया परत पडतो, सगळे खूश. भिकाबाई, म्हणजे आमच्याकडे झाडलोट आणि चहा करणारी बाई, ती तर रिंगांवरून कोणाचं कोण आलं ते ओळखून दारातूनच हाळी देते. अशी सुरळीत व्यवस्था चालू असताना आमच्या मुख्य कार्यालयाने मध्येच सुधारणा केली.

झालं असं की आमची सिद्धपूर्णा नागरी सहकारी बँक यंदा तारेने जोडली. इथला हिशेब तारेतून थेट हिंगोलीला जातो. त्यासाठी एक चपटी पेटी बसवली आहे, तिला राऊटर म्हणतात. भिकाबाई तिला राऊत म्हणते. "राऊत आज बंद हाय" असं तिने दोन-चार लोकांना सांगितल्यापासून बाजारात बातमी झाली की बँकेत राऊत नावाचे नवे साहेब आले आहेत आणि ते फार सुट्ट्या घेतात. एक जण तर म्हशीच्या कर्जाचा अर्ज घेऊन आला, मला देईना, म्हणाला राऊत साहेबांच्याच हातात देईन. तर हा राऊटर दर आठवड्याला मान टाकतो. मग हिंगोलीहून प्रेमसिंग राठोड हा इंजिनिअर पोरगा एसटीने येतो, पेटीला लॅपटॉप लावून थोडं टकटक करतो, चहा पितो आणि परत जातो. त्या येण्याजाण्यात बँकेचा अर्धा दिवस मरतो. म्हणून वरून हुकूम आला की जवळा बाजार शाखेला मोडेम लावून राऊटरचं रिमोट मॅनेजमेंट करावं.

खरं सांगतो, मॅनेजमेंट दुरून होणार हे वाचून मला आधी वाटलं माझीच बदली आली. मग खोकं आलं तेव्हा जरा धीर आला आणि मी भिकाबाईला थर्माकोलमध्ये रिमोट शोधायला लावलं. तिने सगळं खोकं उलटं केलं, शेवटी हात झटकून म्हणाली, चोरला असंल वाटंत. मी तशी लेखी तक्रार करायला घेतली होती, तेवढ्यात प्रेमसिंग आला. तो पोट धरून हसला आणि मग माझ्या वयाकडे बघून गप्प झाला. "सायेब, रिमोट म्हंजी मीच. राऊटर बंद पडला की मी हिंगोलीतून या नंबरला फोन लावीन. मोडेम फोन उचलंल. मग मी तिकडून बसल्या बसल्या राऊटर सुधरवीन." मी विचारलं, आणि तू बोलशील ते मोडेमला कसं कळेल? तर म्हणाला, दोघांचे मोडेम एकमेकांशी शिट्टीत बोलतात. दाजी, तुम्ही आयटीआयमध्ये हे शिकवत असाल तर तुम्हाला नवल वाटणार नाही. मला त्या रात्री जेवताना राणीच्या आईला ते समजावून सांगता आलं नाही, एवढंच सांगतो.

अडचण एकच होती. मोडेमसाठी वेगळी टेलिफोन लाईन मागितली होती, ती अजून यायची आहे. म्हणून तोपर्यंत मोडेम आमच्याच एकुलत्या लाईनवर फोनच्या शेजारी बसवला. प्रेमसिंगने तो असा लावून ठेवला की दोन रिंगा झाल्या की तो स्वतः फोन उचलतो. आणि भिंतीवर कागद डकवला, "फोन वाजल्यास कोणीही उचलू नये." तो कागद वाचून एक म्हातारे खातेदार म्हणाले, मग ठेवलाय काहून? भिकाबाईला तर हा नियम पटलाच नाही. तिच्या मते वाजणारा फोन म्हणजे दारात आलेला पाहुणा, त्याला बाहेर उभं ठेवणं माणुसकीचं नाही. पहिल्याच चाचणीला तिने धावत जाऊन रिसीव्हर उचलला. आतून मोडेमची ती करकर आणि कूंऽऽ कूंऽऽ ऐकून तिला वाटलं कोणी बाई रडते आहे. ती पदराने स्वतःचे डोळे पुसत म्हणाली, "रडू नका बाई, सायेब इथंच हायेत, काय झालं ते शांतपनी सांगा." तिकडे हिंगोलीत प्रेमसिंगच्या पडद्यावर काय कचरा उमटला कोणास ठाऊक, त्याने त्या दिवशी चिडून जेवण केलं नाही असं ऐकलं. तेव्हापासून मी भिकाबाईला फोनपासून लांबच्या कोपऱ्यात चहाची शेगडी मांडून दिली आहे.

गावाची व्यवस्था मात्र पार कोसळली. स्टँडवरून रिंग दिली की इकडे दुसऱ्या रिंगेला मोडेम फोन उचलायचा, तिकडे रुपया गडप आणि वर कानात शिट्टी. एक मोटरसायकलवाला मला विचारायला आला की बँक आता रिंगेवरही व्याज घेते का. पण मला खरी अडचण सोमवारी सकाळी कळली, आणि तीही उशिरा. मी नवा शर्ट घालून फोनशेजारी बसलो होतो. मनाशी पक्कं होतं, दोन रिंगा वाजून थांबल्या की होकार, वाजतच राहिल्या की नकार. फोन वाजला. एक रिंग. दुसरी रिंग. थांबला. मी उठून उभा राहिलो आणि रोखपालाला पेढे आणायला पाठवणार, तेवढ्यात शेजारी मोडेमचे हिरवे दिवे लागले आणि त्याने शिट्टी घातली. मग डोक्यात प्रकाश पडला की या यंत्राच्या राज्यात तिसरी रिंग कोणालाच मिळत नाही. होकार असो, नकार असो, दोनच रिंगा. बरं, त्याच सकाळी वसमतचा एक कापूस व्यापारी, प्रेमसिंग आणि चुकीचा नंबर लावणारं कोणीतरी, अशा सगळ्यांनी फोन केले. सगळ्यांच्या दोन-दोन रिंगा. हिशेब धरला तर राणीला त्या सकाळी तीन-चार ठिकाणांहून होकार आला. (एक बहुधा हिंगोलीच्या मुख्य कार्यालयाचाही.)

मोडेम काढून का ठेवला नाही, असं तुम्ही विचाराल. काढणार होतो. पण त्याच दिवशी अध्यक्षांच्या समोर प्रेमसिंग तिकडून आमचा राऊटर चालवून दाखवणार होता, आणि त्याने बजावलं होतं की वायरीला हात लावाल तर माझी नोकरी जाईल. आता एका परक्या आईच्या लेकराची नोकरी आणि आपल्या लेकीचं लग्न, यात मी काय निवडायला हवं होतं ते तुम्हीच सांगा. मला वाटलं होतं दोन्ही जमेल. एक झालं. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या म्हणे.

दोन दिवस वाट पाहिली. संतरामभाऊंचा पुन्हा फोन नाही, निरोप नाही. होकार असता तर पुढची बोलणी करायला कोणी आलं असतं. नकार असता तर कारण सांगायला कोणी आलं असतं. कोणीच आलं नाही, म्हणजे त्यांच्या मते जे सांगायचं ते सांगून झालं होतं. राणीची आई म्हणाली, सरळ जाऊन विचारा. पण मुलीच्या बापाने, तुम्ही हो म्हणालात का नाही म्हणालात, असं विचारायला जायचं म्हणजे आधीच पडती बाजू, आणखी खाली पडायची. म्हणून मी युक्ती केली. काल शनिवारी अर्धा दिवस, दुपारच्या गाडीने वारंगा फाट्याला गेलो आणि दुकानात शिरून सहज आल्यासारखं म्हणालो, मोटरीचा एक कंडेन्सर पाहिजे. (आमच्याकडे मोटर नाही. विहीरही नाही. हे त्यांनाही ठाऊक आहे.)

दाजी, त्या तासाभरात मी जेवढे शकुन बघितले तेवढे पंचांगात नसतील. चहा आला, तो पूर्ण कप आला. मी म्हटलं होकार. मग कंडेन्सरचे पैसे त्यांनी पुरते मोजून घेतले. होणाऱ्या व्याह्याकडून कोणी पैसे घेतं का? म्हटलं नकार. पण लगेच आठवलं, तुम्हीच म्हणाला होतात की ते सख्ख्या भावालाही उधार देत नाहीत. सुगत मागे मोटर उघडून बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. लाजला म्हणावं तर होकार, ओशाळला म्हणावं तर नकार, आणि तसा तो नेहमीच मान खाली घालतो. शेवटी मी विषय काढला, की फोनची जरा तकलीफ आहे आजकाल. त्यावर संतरामभाऊंचा चेहरा असा झाला की मी कंडेन्सर घट्ट धरला.

"आमी बोललो त्या दिवशी, बोललो त्या टायमाला फोन केला," ते म्हणाले. "आमचं उत्तर आमी बराबर दिलं. तुमच्याकडून शिट्टी आली. आता त्या शिट्टीचा अर्थ काय धरायचा, ते तुमी सांगा."

तेव्हा मला कळलं की आठवडाभर ते घरही आमच्यासारखंच टांगलेलं आहे. त्यांना वाटलं, मुलीकडच्यांनी उत्तराला उत्तर म्हणून शिट्टी मारली. त्यांनी फाट्यावरच्या धाब्यावर चार शहाण्यांना विचारलं. एक म्हणाला, काळ्यापिवळ्या जीपच्या पोऱ्याने शिट्टी मारली की गाडी सुटते, म्हणजे चला, होकार. दुसरा म्हणाला, पोलिसाने शिट्टी मारली की गाडी थांबते, म्हणजे नकार. तिसरा म्हणाला, पोरीकडच्यांनी शिट्टी मारणं हे ऐकलं नव्हतं, जमाना बदलला. मी त्यांना मोडेम समजावून सांगायला गेलो. यंत्र आहे, ते दोन रिंगांनी उचलतं, हिंगोलीच्या यंत्राशी शिट्टीत बोलतं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हंजी तुमच्या लेकीच्या लग्नाची बोलनी तुमी यंत्रावर सोडली." मी म्हणालो, तसं नाही, तुमच्या किती रिंगा झाल्या तेवढं सांगा. म्हणाले, दोन, तिसरी व्हायच्या आत तुमची शिट्टी. मग मी जिवावर उदार होऊन विचारलं, तिसरी वाजू देणार होतात का? ते उठून उभे राहिले. एकदा दिलेलं उत्तर माणूस पुन्हा देत नसतो, तुमी ऐकलं न्हाई हा आमचा गुन्हा न्हाई, असं म्हणून त्यांनी मला गाडीपर्यंत पोचवलं. पोचवलं हे मात्र खरं. यात होकार बघू का नकार, हे मला एसटीत बसून जवळा बाजार येईपर्यंत ठरवता आलं नाही.

तर माझा प्रश्न तुमच्या विद्येतला आहे. मोडेमला कोणाचा फोन आला, किती वेळ धरला, समोरचा दुसऱ्या रिंगेनंतर ठेवायला निघाला होता की थांबायला, असं काही त्याच्या पोटात राहतं का? राहत असेल तर ते कसं बाहेर काढायचं ते सविस्तर लिहा, आकृती काढून. प्रेमसिंगला विचारलं, तो म्हणतो राऊटरला माणसाचं मन कळत नाही. पण तो लहान आहे, तुमचा अनुभव मोठा. अक्काला काळजी करू नको म्हणावं, म्हणजे ती करणारच, पण थोडी कमी करेल. मुलांना आशीर्वाद, अक्काला नमस्कार. तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,

तुमचा मेहुणा
रत्नपाल

ता. क. प्रेमसिंगचा निरोप आला. मोडेमला दोनऐवजी दहा रिंगांनी उचलायला लावता येतं आणि ते एक आकडा बदलण्याचं काम आहे. मी विचारलं, मग पहिल्याच दिवशी का नाही केलं? म्हणतो, "काहून पाहिजे ते तुमी सांगितलंच न्हाई सायेब." आकडा त्याने हिंगोलीतूनच बदलला. यंत्राच्या पोटात मात्र काहीही राहत नाही, असं त्याने शपथेवर सांगितलं. तेव्हा आकृती काढू नका.

ता. क. २. खरं काम सांगतो, दाजी. एवढं सगळं लिहिलं ते हे मागायची लाज वाटत होती म्हणून. तुम्ही स्वतः वारंग्याला जा. स्थळ तुम्ही आणलं, सुगत तुमचा विद्यार्थी, तुमच्यापुढे संतरामभाऊ उभे राहणार नाहीत. मी पाठवलं असं म्हणू नका. सहज गेल्यासारखे जा. कंडेन्सर मात्र मागू नका.

ता. क. ३. थांबा, जाऊ नका. म्हणजे जा, पण मी सांगतो त्यासाठी जा. पत्र बरोबर झालं का बघायला मी ते राणीच्या आईला मोठ्याने वाचून दाखवत होतो. राणी भाकरी थापत होती. माझं वाचून झालं. मग तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "बाबा, त्यांचं उत्तर काय हाय ते बघायला तुमी वारंग्यापर्यंत जाऊन आलात. माझं उत्तर काय हाय ते इचारायला सैपाकघरापर्यंत आला न्हाईत." तिची आईही माझ्याकडे बघायला तयार नव्हती. मी उठलो, चुलीजवळ पाट घेऊन बसलो आणि विचारलं. ती म्हणाली, पोरगा वाईट नाही. पण बापाने रिंगा द्यायच्या आणि पोराने मान खाली घालायची, असं घर असेल तर तिथे ती जन्मभर कोणाशी बोलणार? त्याला हो म्हणायचं असेल तर त्याने बाजाराच्या दिवशी इथे यावं आणि तोंडाने सांगावं. नाही म्हणायचं असेल तरी यावं, चहा मिळेल. तेव्हा संतरामभाऊंना काही विचारू नका, सुगतला एवढा निरोप द्या, आणि तो वर बघेल तेव्हा द्या. मी राणीला विचारलं, तो आला आणि हो म्हणाला तर तू काय म्हणशील? म्हणाली, "ते त्याला सांगीन." म्हणजे आता मला दोन्हीकडचं उत्तर माहीत नाही. पण तिने ताटात वाढलेली भाकरी मी पुरी खाल्ली, आणि वर आणखी अर्धी मागून घेतली.